लाल नकाशाच्या दिवशी माझं दार

माझ्या कामाचं नाव सांगितलं की इकडे जर्मनीत नव्यानं आलेल्या मराठी मुली आधी हसतात. टागेसमुटर. शब्दाला शब्द लावला तर दिवसाची आई. "मग रात्रीची कोण हो काकू?" असं एकीनं विचारलंही होतं. तिला म्हटलं, रात्रीची तू, म्हणून तर तुझ्या डोळ्यांखाली काळं आहे आणि माझ्या नाही.

तर फ्रँकफर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नमध्ये पुष्कळ वर्षं मी दिवसाची आई होते. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मीही दिला. दिवाळी अंकाच्या मुलांनी गळ घातली, "काकू, तुमच्या कामाबद्दल लिहाच." मी काही लिहिणारी बाई नव्हे. जुनी अकरावी झाली, लग्न झालं आणि ह्यांच्या मागून इचलकरंजीहून थेट इथं आले. जर्मन भाषा शिकले ती बेकरीच्या रांगेत आणि लहान मुलांच्या टीव्हीवर. तेव्हा बोलते तशीच लिहिते. तुम्ही ऐकल्यासारखं वाचा.

कामाची पद्धत आधी सांगते. टागेसमुटर स्वतःच्या घरात दुसऱ्यांची मुलं सांभाळते, एका वेळी जास्तीत जास्त पाच. पाळणाघरच म्हणा, पण सरकारच्या डोळ्याखालचं. युगेंडाम्ट म्हणून मुलाबाळांचं खातं असतं, तिथली बाई येऊन घर तपासते. प्लगना झाकणं आहेत का, जिन्याला फाटक आहे का, फरशी पुसायचं औषध कुठे ठेवता. आमच्याकडे आली तेव्हा देवघरातल्या समईकडे बोट करून म्हणाली, "हे पेटवता?" मी म्हटलं, रोज. तिनं हातानं उंची मोजली. मग म्हणाली, पेटवा, पण मुलांचा हात पोचणार नाही इतकं वर. तेव्हापासून आमचे देव कपाटाच्या माथ्यावर राहायला गेले आणि मी स्टुलावर चढून नमस्कार करायला लागले. ह्यांनी विचारलं, "देवापेक्षा खातं मोठं का?" म्हटलं, देवानं अजून कुणाचा परवाना रद्द केलेला मी ऐकला नाही.

नवीन मूल आलं की जर्मन आई पहिले काही दिवस कोपऱ्यात बसून राहते. मूल रमेपर्यंत. आज पाच मिनिटं बाहेर जाईल, उद्या पंधरा. याला आइनगेव्होनुंग असं लांबलचक नाव आहे. आपल्या लोकांना त्याचं हसू येतं. एक मराठी बाप पहिल्याच दिवशी मूल माझ्या मांडीवर देऊन निघाला होता. म्हणाला, "काकू, तुम्ही आपल्याच, याला काय सवय करायची?" मूल दुपारपर्यंत रडलं आणि मग माझ्या पदराला धरून झोपलं. दुसऱ्या दिवशी मी बापालाच कोपऱ्यात बसवलं. तो मोबाइल बघत बसला, मूल त्याच्याकडे बघत बसलं, पण रमलं हो.

आणि बाहेर नेण्याचा प्रश्न. संध्याकाळी जर्मन आई विचारणार, "आज बाहेर नेलंत ना?" आणि मराठी आई विचारणार, "आज बाहेर नेलं नाहीत ना?" दोघींची मुलं एकाच वेळी एकाच बागेत एकाच चिखलात बसलेली. मी दोघींनाही हसून मान हलवायची. जर्मन पालकांतला एक बाप होता, हेर फोग्ट, म्हणजे फोग्टसाहेब. फ्रँकफर्टमधल्या एका बँकेच्या ऑफिसात संगणकाचं काम करायचा. बाहेर बर्फमिश्रित पाऊस तिरका मारतोय आणि हा मुलाला रबरी पँट, रबरी बूट, कानटोपी चढवून उभा. मला, म्हणजे शेटेबाईंना, म्हणायचा, "फ्राऊ शेटे, वाईट हवा अशी नसतेच. वाईट कपडे असतात." हे त्यांच्याकडचं ठरलेलं वाक्य आहे. तोंडपाठ असतं सगळ्यांना, आपल्याकडे पाढे असतात तसं.

आता मुद्द्यावर येते. माझ्या धंद्याची खरी गोम तुम्हाला बाहेरून दिसायची नाही. मी आजारी पडले तर माझ्या जागी दुसरी कुणी नसते. एक दार बंद झालं की पाच घरांचा दिवस कोसळतो. म्हणजे कुठकुठल्या कामाच्या ठिकाणच्या पाच खुर्च्या माझ्या दाराच्या बिजागरीवर टांगलेल्या. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आमच्या गावात घरोघरी माग. बाबा म्हणायचे, माग थांबला की चूल थांबते. त्या आवाजात वाढलेली मी. दाढ काढली त्या दिवशीही गाल सुजलेला घेऊन दार उघडलं. मुलं खूश झाली, एकानं तर रोज असाच गाल आण म्हणून सांगितलं.

मग ते पहिलं मोठं वादळ झालं. हिवाळ्यातलं वादळ म्हणजे काय, ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. नुसता बर्फ हे वादळ नव्हे. बर्फ पडतो, लोक फावडी काढतात, सकाळी सातच्या आत आपल्या घरापुढचा रस्ता साफ करतात, तो नियमच आहे, आमचे हे त्यात पटाईत. वादळ म्हणजे वारा. ओला बर्फ घेऊन आडवा येणारा. छपरावरची कौलं उडतात, झाडं रुळांवर पडतात, आणि ज्या रेल्वेच्या जिवावर इथला माणूस घड्याळ लावतो ती रेल्वे चक्क सांगते की आज काही खरं नाही. हवामान खातं नकाशा रंगवतं. पिवळा म्हणजे जपून. केशरी म्हणजे जास्त जपून. लाल म्हणजे घराबाहेर पडू नका. त्याच्यावर जांभळाही असतो, तो देव करो आणि न दिसो.

त्या दिवशी नकाशा लाल होता. माझं दार उघडं होतं. पाचही मुलं आली, पाचही घरची माणसं कामावर गेली. दुपारी गाड्या थांबल्या. एकेकाचा फोन यायला लागला, फ्राऊ शेटे, मी अडकलोय, फ्राऊ शेटे, बस नाही. मी म्हटलं, सावकाश या. मऊ भात केला, वर तूप. बाहेर वारा असा की चिमणीतून कुणी शंख फुंकतंय. मुलांना मी सांगितलं की राक्षसाचं पोट दुखतंय. अंधार पडल्यावर पालक एकेक करून आले. फोग्ट तर फ्रँकफर्टहून चालत आला होता. त्याचे वाईट हवेचे उत्तम कपडे आतपर्यंत भिजले होते. मी त्याला काही म्हटलं नाही. टॉवेल दिला.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. फुलं आली. "तुमच्यावर भरवसा ठेवता येतो," असं म्हणाले, आणि जर्मन माणसाच्या तोंडून याहून मोठी पदवी मिळत नाही. गेनाऊ, म्हणजे अगदी असंच.

पण त्या रात्री सर्वात शेवटी आली होती सिबिले. छोट्या लेनाची आई. एकटी बाई, अपघात विभागात नर्स. थकून खुर्चीत बसली. मी भाताची वाटी पुढे केली. ती खाता खाता म्हणाली, "फ्राऊ शेटे, आज मी ज्यांना पट्ट्या बांधल्या ना, ते जवळजवळ सगळे कामावर जाणारे नाहीतर कामावरून येणारे होते. एकाचंही काम असं नव्हतं की उद्या झालं नसतं."

"मग गेलेच कशाला?" मी म्हटलं.

"जाता येत होतं म्हणून. तुम्ही उघडं ठेवलंत. शाळा उघडी होती. ऑफिस उघडं होतं. घरी राहायला कारणच नाही सापडलं."

मला राग आला. दिवसभर पाच मुलं सांभाळायची, आणि वर हे ऐकायचं? म्हटलं, "मग तुमच्या लेनाला कोणी बघितलं असतं?"

"माझं वेगळं आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटल बंद नाही करता येत. बाकीच्यांचं येतं. पण पहिलं कुणी म्हणायचं?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आणि मग मला एक गोष्ट दिसायला लागली. ती आधी दिसत होती, पण लक्ष नव्हतं. माझ्या ओसरीवरून, म्हणजे त्या बूट काढायच्या जागेवरून, कितीतरी आईबाप ऑफिसला फोन करायचे. कुणाची पाठ दुखायची. कुणाच्या घरची हीटिंग बिघडायची. कुणाला अचानक ताप. बाहेर खिडक्या थडथडतायत, पण "वादळ आहे, मी येत नाही" एवढं साधं वाक्य मी एकाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. कारण इथला रिवाज असा की कामावर पोचायचं कसं ही काळजी ज्याची त्यानं करायची. बर्फ पडो, रूळ तुटोत, नाही पोचलात तर ते तुमचं नशीब, मालकाचं नाही. त्यामुळे हवेचं नाव घ्यायला माणूस लाजतो. पण मूल सांभाळायला आज कुणी नाही, हे कारण चालतं. त्यावर साहेबालाही बोलता येत नाही.

म्हणजे त्यांना देण्यासारखं एक कारण माझ्याकडे होतं. माझं बंद दार.

मग मी पालकांना एका संध्याकाळी घरी बोलावलं. स्वयंपाकघरात बसवलं, कांदाभजी केली, कारण भज्याचा घास तोंडात असताना माणूस कमी भांडतो. म्हटलं, यापुढे आदल्या संध्याकाळी नकाशा लाल झाला की दुसऱ्या दिवशी मी बंद. ज्यांचं काम माणसांच्या जिवाशी आहे, त्यांच्या मुलांपुरतं उघडं. बाकीच्यांना मी निरोप पाठवीन. फोग्ट वाद घालणार अशी माझी खात्री होती. त्यानं फक्त विचारलं, "लाल म्हणजे आपल्या जिल्ह्याचा लाल, की सगळ्या राज्याचा?" मी म्हटलं, आपल्या जिल्ह्याचा. "मग ठीक आहे," म्हणाला आणि आणखी भजी घेतली. नियम आहे म्हटल्यावर त्याच्या जिवाला स्वस्थता.

आपले मराठी पालक मात्र "हो हो काकू, बरोबर आहे काकू" करत होते. आणि या हो-होची मला खरी धास्ती होती. जर्मन माणूस नाही म्हणतो तेव्हा तो ऐकत असतो. आपला माणूस इतक्या पटकन हो म्हणतो, तेव्हा त्यानं ते स्वतःसाठी धरलेलंच नसतं.

त्यात होते निखिल आणि मानसी. पुण्याचं जोडपं, दोन वर्षांचा अद्वैत. निखिलचं ऑफिस एश्बॉर्नमध्येच, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. मानसी केमिकलची इंजिनिअर. बाळंतपणानंतर मोठ्या खटपटीनं तिला लुडविग्सहाफेनला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली होती. रोज ऑटोबानवरून, म्हणजे इथल्या महामार्गावरून, तासाच्या वर एकटी गाडी चालवत जायची आणि तशीच यायची. आणि तिची प्रोबेत्साइट चालू होती. प्रोबेत्साइट म्हणजे सुरुवातीचे परीक्षेचे महिने. त्या काळात साहेबाला पटलं नाही तर कारण न देता घरी पाठवता येतं. नवऱ्याबरोबर व्हिसावर आलेल्या मुलीला पुन्हा स्वतःची नोकरी मिळणं म्हणजे काय असतं, ते मला सांगायला नको. ती मुलगी त्या महिन्यांत श्वाससुद्धा मोजून घेत होती.

आणि त्याच हिवाळ्यात नकाशा पुन्हा लाल झाला. मी संध्याकाळीच सगळ्यांना निरोप पाठवला. फोग्टचं उत्तर आलं, समजलं, धन्यवाद. मानसीकडून नमस्काराचे दोन हात आले. मी म्हटलं, बरं झालं.

सकाळी वारा सुटला होता. सिबिले लेनाला सोडून ड्युटीवर गेली. हे बाहेर फावडं घेऊन वाऱ्याशी भांडत होते. एवढ्यात बेल वाजली. दारात निखिल. कडेवर अद्वैत, खांद्याला त्याच्या कपड्यांची पिशवी. मागे रस्त्याच्या कडेला गाडी चालू ठेवून मानसी बसलेली.

"अरे, कालचा निरोप बघितला नाहीस?"

"बघितला ना काकू. पण ते बाकीच्यांसाठी होतं ना?"

"बाकीचे म्हणजे कोण रे?"

"म्हणजे फोग्ट वगैरे. आपलं काय, घरचंच."

मी हसणार होते, पण तेवढ्यात माझ्या मागून लेना पावाचा तुकडा चघळत डोकावली. निखिलनं तिला बघितलं. त्याचा चेहराच फिरला.

"लेनाला घेतलंय की. काकू, जर्मन पोरगी चालते आणि आपला अद्वैत नाही?"

ते लागलं मला. वाऱ्यात उभी राहून मी त्या मुलाकडे बघितलं. अद्वैतनं माझ्याकडे हात पसरले होते. "आजी, राइन," म्हणाला, म्हणजे आत. ती मुलं तशीच बोलतात, अर्धं आपलं, अर्धं त्यांचं. दारात आलेलं मूल परत पाठवायचं, हे मी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

"हे बघ निखिल," म्हटलं, "लेनाची आई घरी राहिली तर कुणाचं तरी रक्त थांबायचं राहील. तुझी बायको आज गेली नाही तर काय राहील?"

"काकू, तिची मीटिंग आहे. क्लायंटला दाखवायचंय. प्रोबेत्साइट आहे तिची!"

"आणि तू? तुझं ऑफिस तर त्या कोपऱ्यावर. तू का नाही थांबत?"

"माझं आज गो-लाइव्ह आहे. नवी सिस्टिम चालू होतेय."

"एक दिवस उशिरा लाइव्ह झालं तर कोण मरतं?"

त्यानं अद्वैतला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी म्हटलं, "एकट्या मुलाला मी घेणार नाही. तिघंही आत या. तिला गाडी बंद करायला सांग. चहा टाकते."

आता यात मी काही मोठी युक्ती केली असं समजू नका. मला पुढचं काही सुचलं नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की मानसी त्या गाडीत बसलेली असेपर्यंत मला बरं वाटणार नाही.

दोघं आत आली. निखिल कानाला फोन लावून ओसरीवरच येरझारा घालायला लागला. "येस, येस, जॉइन होतोय, पाच मिनिटं." मानसी ओट्याला टेकून उभी होती. अंगात कोट तसाच, हातात किल्ली. मी आलं किसत होते. तिनं हळूच विचारलं, "काकू, भीती वाटते हे कारण होतं का हो?"

"कसली भीती?"

"गेल्या आठवड्यात वळणावर गाडी घसरली माझी. पूर्ण फिरली. मागे कुणी नव्हतं म्हणून. निखिलला सांगितलं नाही मी. रोज त्या वळणावर माझे हात घामानं भिजतात. आज तर वारा... काकू, मला जायचं नाहीये. पण मी काय सांगू त्यांना? सगळे येणार. मीच एक बाई, मीच परदेशी, मीच नवीन. म्हणतील, हिला जमत नाही."

मी आल्याची किसणी खाली ठेवली. "सांग, टागेसमुटर बंद आहे. खोटं नाही ते. माझ्याकडे कालचा निरोप आहे."

"पण अद्वैतला निखिल बघू शकतो की..."

निखिल तेव्हाच दारात आला होता. किती ऐकलं होतं त्यानं ते मला अजूनही माहीत नाही, पण वळणापासूनचं ऐकलं असावं, कारण पुढे होऊन त्यानं तिच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

मानसीनं फोन लावला. साहेबीण होती, डॉक्टर वगैरे झालेली. मानसीनं सांगितलं की मुलाला बघणारं आज कुणी नाही, वादळामुळे बंद आहे. पलीकडून एकच शब्द, मलाही ऐकू आला. "शाडं." म्हणजे, वाईट झालं. आणि फोन बंद. हा शब्द ते लोक केक संपला तरी वापरतात आणि माणूस नोकरीवरून काढला तरी. मानसी पांढरीफटक पडली. त्याच क्षणी आमचे हे बर्फानं माखलेले आत आले आणि सगळ्यांना बघून म्हणाले, "अरे वा, आज सगळेच सुट्टीवर?" कधी काय बोलावं हे या माणसाला चाळीस वर्षांत समजलं नाही.

आता तुम्हाला वाटेल की दुपारी बातमी आली, त्या वळणावर मोठा अपघात झाला, आणि काकूंचं बरोबर ठरलं. तसं काही झालं नाही. आमच्याकडे बर्फ आला, झाडं पडली, गाड्या थांबल्या. पण ऑटोबान बऱ्यापैकी चालू राहिली, आणि लुडविग्सहाफेनला तर नुसता पाऊस पडला. मानसीच्या ऑफिसात सगळे पोचले. मीटिंग झाली. तिचं काम दुसऱ्या एकानं दाखवलं, आणि ते पुढे त्याच्याकडेच राहिलं. महिनाभरानं निखिलनं मला ते ऐकवलंच. "काकू, नुसता पाऊस होता तिथे. पोचली असती ती. एवढं मोठं काम गेलं तिच्या हातून."

मी म्हटलं, "पोचली असती रे. मी कुठे नाही म्हणते?"

"मग?"

"मग काही नाही. सकाळी तुला माहीत होतं का, पाऊसच पडणार म्हणून? मला नव्हतं. साहेबिणीला नव्हतं. सगळ्यांसमोर एकच नकाशा होता, आणि तो लाल होता. उद्या पुन्हा लाल झाला तर मी पुन्हा बंद."

हे मी आजही तसंच म्हणते, आणि ठासून म्हणते. वादळ हुकलं म्हणून बंद ठेवणारा वेडा ठरत नाही. सुखरूप पोचला म्हणून निघणारा शहाणाही ठरत नाही. सगळी कामं बंद करा असं मी म्हणत नाही. दवाखाना, वीज, बर्फ काढणारी माणसं, यांना सुट्टी नाही, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी रस्ता मोकळा राहायला हवा. पण बाकीच्या ऑफिसांनी आदल्या संध्याकाळी सांगावं की उद्या येऊ नका. आणि ते वरच्या माणसानं सांगावं. खालच्याला ते परवडत नाही. त्याला पाठदुखीच शोधावी लागते. त्यांच्याकडच्या कार्निव्हलची, म्हणजे विदूषकांच्या सोंगांच्या सणाची, मिरवणूक वाऱ्यामुळे रद्द झालेली मी बघितली आहे. म्हणजे विदूषकाच्या जिवाची काळजी आहे, आणि इंजिनिअरनं मात्र निघायचं.

काम गेलं याची हळहळ मला होती, नाही कशी? मानसीचा चेहरा उतरला होता. रोज मूल सोडताना "गुड मॉर्निंग काकू" एवढंच म्हणायची. आधी चहाला थांबायची, ती थांबेना. मीही आग्रह केला नाही. नोकरी राहील की नाही, हे दोघींनाही माहीत नव्हतं, आणि राहिली नाही तर ती माझ्याकडे कशी बघेल याची मी मनाची तयारी करत होते. परीक्षेचे महिने संपले. एका संध्याकाळी ती आली, बूट न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, ठेवलं मला." मी तिच्या हातावर साखर ठेवली. ती रडली, मग हसली, मग म्हणाली, "काम मात्र परत नाही दिलं हो." म्हटलं, दुसरं मिळेल.

मिळालंही, पण त्याला वेळ लागला.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी नकाशा पुन्हा लाल झाला. मी चष्मा लावून पालकांना निरोप पाठवायला बसले होते, तेवढ्यात मानसीचाच फोन.

"काकू, उद्या बंद ना?"

"बंदच. लेना तेवढी येईल. निरोप टाकतेच आहे, तो दाखव तुझ्या साहेबिणीला."

"नको. मी आत्ताच कळवलं त्यांना. टीममध्ये सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. नुसतं सांगायला फोन केला, की उद्या आम्ही येत नाही."

"अगं, मी निरोप पाठवायच्या आधीच? मग कारण काय लिहिलंस?"

"वादळ आहे, असं लिहिलं."

"एवढंच?"

"एवढंच. काकू, ऐका ना, अजून तिघांनी खाली लिहिलंय की आम्हीही येत नाही."